राहत्या घराचं गिऱ्हाईक

कोपरगावच्या जुन्या गावठाणात 'घर विकायचंय' असं कुणी सरळ म्हणत नाही. 'घर काढलंय' म्हणतात, आणि तेही आवाज खाली आणून. शेताचं तुकडं विकलं तर माणूस चारचौघांत सांगतो. पोरीच्या लग्नाला विकलं, विहिरीला विकलं, भाव बरा आला. बैल तर बाजारात दावं धरूनच विकायचे, त्यात लपवायचं काय? घराचं तसं नाही. घर काढल्याचं कळलं की शेजारी उगाच दाराशी रेंगाळतात, आणि घरातले म्हणतात, "अजून काही नक्की नाही हो, बघू."

२०२२ च्या उन्हाळ्यात आमचं घर विकायचं ठरलं, तेव्हा आईने कुठलीच हरकत घेतली नाही. भाऊ पुण्याला, मी नाशिकला, बहिणी आपापल्या घरी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिने एकटीने पाच खणांचं माळवदी घर किती दिवस झाडायचं? एवढंच म्हणाली, "बोर्ड लावायचा नाही."

बोर्ड लावला नाही. पण जवळजवळ वर्षभर माणसं घर बघायला येत राहिली आणि आई त्याच घरात राहत होती. मी आणि वहिनी आळीपाळीने तिच्यासोबत. त्या वर्षात मला हा प्रश्न सारखा पडायचा, की ही लाज नेमकी कशाची? पैशाची अडचण नव्हती, कर्ज नव्हतं, भांडण नव्हतं. माझं मत असं झालं, की विकण्याची लाज नव्हतीच. परक्या माणसाने राहत्या घरातून हिंडून त्याची किंमत करणं, ही ती लाज. आणि ती आईच्या मनातली एकटीची नव्हती. ती गावात फार जुनी आहे.

पूर्वी घर विकलं जायचं, पण दाखवलं जात नसे. पेशवाईतली किंवा त्याआधीची जुनी खरेदीपत्रं, मिरासपत्रं कुणी वाचली असतील तर त्यांना ठाऊक असेल. त्यात जागेची चतुःसीमा असते. पूर्वेला कुणाचं घर, पश्चिमेला कुणाचा वाडा, दक्षिणेला बोळ, उत्तरेला कोण. आणि खाली साक्षी असतात. पाटील, कुलकर्णी, भाऊबंद, शेजारी, कधी सुतार-लोहार-न्हावी असे बलुतेदारही. घर कसं आहे हे त्या कागदात फारसं नसतं. गरजच नव्हती. घेणारा बहुतेक वेळा त्याच गावचा, पुष्कळदा त्याच आळीचा. ज्या घरात तो लहानपणी जेवला, ज्याच्या ओसरीवर पत्ते खेळला, ते घर तो 'बघणार' काय? भिंत कुठे ओल धरते हे त्याला मालकाइतकंच माहीत. शिवाय भाऊबंद आणि शेजारी यांना आधी विचारायचं, ते नको म्हणाले तरच दुसऱ्याकडे जायचं, ही रीत होती. म्हणजे सौदा व्हायच्या आधीच घराची पुरती चौकशी गावाच्या तोंडी झालेली असे.

मोठ्यांच्या घरांची गोष्ट वेगळी. आमच्या गावातलं सगळ्यांत गाजलेलं घर म्हणजे गोदावरीकाठचा राघोबादादांचा वाडा. १७८२ साली सालबाईचा तह झाला, इंग्रजांनी राघोबांचा पक्ष सोडला, आणि पेशवाईसाठी उभा जन्म धडपडलेला हा माणूस नेमणूक घेऊन कोपरगावी येऊन राहिला. ११ डिसेंबर १७८३ ला तो वारला. धाकटा मुलगा चिमाजी आप्पा त्यानंतर जन्मला. आनंदीबाई आणि मुलं पुढे नाशिकजवळ आनंदवल्लीला गेली, मुलांतला थोरला बाजीराव शेवटचा पेशवा झाला, १८१८ ला तेही राज्य गेलं. इंग्रजी अमलात त्या वाड्यात सरकारी कचेऱ्या बसल्या. एवढ्या मोठ्या वास्तूला गिऱ्हाईक बघायला आलं नाही की कुणी इसार दिला नाही. राज्य बदललं तसा मालक बदलला. आम्हा पोरांना मास्तर तो वाडा दाखवायला न्यायचे. मला इतिहासापेक्षा एकच प्रश्न पडायचा, की इथे राहणाऱ्यांनी निघताना दारं लावून घेतली असतील का.

राहत्या घरात परकी माणसं शिरण्याची सुरुवात झाली ती इंग्रजी कोर्टामुळे. आधी सावकार होते, कर्जही होतं. पण सावकाराला वसुली करायची तर गावाच्या भिडेतून करावी लागे. दिवाणी कोर्ट आल्यावर हुकूमनामा आला, हुकूमनाम्यामागून बेलिफ आला, आणि बेलिफामागून लिलाव. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून जे दंगे पेटले आणि आमच्या नगर जिल्ह्यातही पसरले, त्यात शेतकऱ्यांनी सावकारांकडचे कागद, खती, रोखे शोधून शोधून जाळले. माणसं मारण्यापेक्षा कागद जाळण्यावर भर होता, यातच काय ते आलं. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. पुढे दिवाणी कायद्यात शेतकऱ्याचं राहतं घर जप्तीतून वगळलं. ते १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात आजही आहे.

पण गावठाणातल्या व्यापाऱ्याला, कारागिराला, नोकरदाराला ही सवलत नव्हती. त्याच्या घरावर जप्ती आली की कायद्याप्रमाणे ती जाहीर करावी लागे. कशी? त्या जागेवर किंवा शेजारी ढोल वाजवून, आणि हुकमाची प्रत घराच्या दर्शनी भागावर डकवून. तशी तरतूदच आहे. आमच्याकडे आजी एखाद्याचं वाटोळं झालं हे सांगायला 'त्याच्या दारी ढोल वाजला' म्हणायची. मला लहानपणी वाटे लग्नाचा ढोल असेल, मग ती वाईट तोंड करून का सांगते? तिच्या माहेरी शेजारच्या घरावर असा ढोल वाजला होता. बोली लावणारे आधी घर बघून गेले. पुरुष ओसरीवर खाली मान घालून बसलेले, बायका माजघरातून न्हाणीत, न्हाणीतून परसात सरकत गेल्या, आणि चार परके बाप्ये पायताणं घालून माजघरापर्यंत आले. आजी सांगताना लिलावाचा आकडा सांगत नसे. तो तिला माहीतही नसावा. पायताणं मात्र दर वेळी सांगायची.

घर बघायला परकी माणसं येणं म्हणजे घर बुडणं, हे असं मनात बसलं असावं. दोन-तीन पिढ्या ते बसूनच राहिलं, कारण मध्यंतरी गावठाणातली घरं परक्यांना विकली जायची फारशी वेळच आली नाही.

बाहेरची माणसं येत नव्हती असं नाही. १८७८ ला दौंड–मनमाड रेल्वे झाली आणि कोपरगावला स्टेशन मिळालं, तेही गावापासून चांगलं लांब. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यावरून गोदावरीचे दोन कालवे निघाले, त्यांना पाणी पुरवणारं दारणा धरण १९१६ साली झालं. कोरडवाहू रानात ऊस आला. १९३९ ला सोमय्यांची गोदावरी शुगर मिल्स निघाली, साकरवाडी वसली. स्वातंत्र्यानंतर सहकारी कारखाने आले, कोळपेवाडीचा आणि संजीवनी. या सगळ्यांबरोबर कारकून आले, फिटर आले, केमिस्ट आले, शिक्षक आले. पण ही मंडळी कारखान्याच्या चाळीत राहिली, नाहीतर भाड्याने. नंतर घर बांधलं तेही रस्त्याकडेच्या नव्या वसाहतीत. गावठाणातलं माळवद त्यांना नको होतं. ते आम्हीच एकमेकांत फिरवत राहिलो. वाटणीत भिंत घातली, भावाने भावाला दिलं, शेजाऱ्याने दोन खण घेतले.

शिर्डी १९९९ पर्यंत आमच्याच तालुक्यात होती, राहाता तालुका झाला तेव्हा ती तिकडे गेली. तालुका बदलला तरी अंतर बदललं नाही. २०१७ च्या ऑक्टोबरात काकडीला विमानतळ सुरू झाला. समृद्धी महामार्गासाठी सरकारने थेट खरेदीने जमिनी घेतल्या आणि ज्यांच्या हातात कधी लाखाची नोट-गड्डी आली नव्हती त्यांच्या खात्यात मोठे आकडे आले. नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला खुला झाला. तारीख बघा, राघोबांच्या मृत्यूची. गावात कुणाच्या हे ध्यानात आलं नाही आणि येण्याचं कारणही नाही. पण त्या हिवाळ्यात आमच्या एजंटाचा फोन दिवसाआड वाजत होता, हे मात्र खरं.

"काका, पार्टी घेऊन येतोय. दहा मिनिटांत."

दहा मिनिटांत काय काय करायचं असतं हे ज्याने राहतं घर विकलंय त्यालाच कळेल. आईची दुपारची झोप मोडायची. दोरीवरचे कपडे काढायचे. लोखंडी कपाटाची किल्ली कमरेला लावायची, औषधांचा डबा फळीवरून खाली घ्यायचा. चटई गुंडाळायची. आणि हे सगळं करून परत असं दिसायचं की आम्ही काहीच केलेलं नाही, घर नेहमी असंच असतं.

पहिल्या महिन्यातच नियम करावे लागले. आदल्या दिवशी कळवल्याशिवाय यायचं नाही. दुपारी एक ते चार कुणी नाही. एजंटाशिवाय एकटं कुणी नाही. पाण्याच्या दिवशी नाही. या शेवटच्यावर घरात वाद झाला. कोपरगावच्या पाण्याची गत जिल्ह्याला माहीत आहे. कालव्याचं आवर्तन सुटतं, येसगावच्या साठवण तळ्यांत पाणी भरून ठेवायचं आणि ते पुरवून पुरवून गावाला द्यायचं. उन्हाळ्यात आमच्याकडे आठ-आठ दिवसांनी नळ यायचा. वहिनीचं म्हणणं, पाण्याच्या दिवशीच बोलवा, नळाला धार कशी आहे ते बघू दे. आईचं म्हणणं, त्या दिवशी अंगणात अकरा ड्रम, पिंपं, घागरी मांडलेल्या असतात, त्या मोजल्या की माणूस न विचारता दिवस ओळखतो. आईचं बरोबर होतं. पण ड्रम झाकले तरी उपयोग नव्हता. कारण येणारा प्रत्येक जण दारातच विचारायचा, "पाणी किती दिवसांनी?" आम्ही खरं तेच सांगायचो. कुणी चमकत नसे. त्यांच्याकडेही तेच होतं.

चहाचा प्रश्न त्याहून मोठा. पहिल्या पंधरा दिवसांत आलेल्या प्रत्येकाला चहा झाला. दूध जास्तीचं लावावं लागलं. मी आईला म्हटलं, "ही गिऱ्हाइकं आहेत, पाहुणे नाहीत." ती म्हणाली, "मग गल्लीत काय सांगायचं, कोण आलंय?" गल्लीत आम्ही पाहुणे आले असंच सांगत होतो. पाहुणे म्हटल्यावर चहा चुकेल कसा? शेवटी तडजोड म्हणून पाणी सगळ्यांना, आणि बसले त्यांना चहा. गंमत अशी, की पुरुष क्वचित बसायचे. बायका बसायच्या. पुरुष टेप लावायचे, मोबाइलमधलं होकायंत्र काढून दिशा बघायचे, छताकडे न बघता बोळाची रुंदी विचारायचे. बायका स्वयंपाकघरात जायच्या, मोरी बघायच्या, खिडकीतून उजेड कुठवर येतो ते बघायच्या आणि आईला विचारायच्या, "आजी, थंडीत उबदार राहतं का हो?" घराविषयी खरा प्रश्न विचारणाऱ्या तेवढ्याच. माळवद उन्हाळ्यात गार आणि थंडीत उबदार राहतं, हे आई तासभर सांगू शकते. सांगायचीही. तोवर तिचा नवरा बाहेरून हाक मारायचा.

मला हळूहळू लक्षात आलं ते हे, की आम्ही घर दाखवत होतो आणि ते जागा बघत होते. आमचं घर खणांत मोजलेलं. पाच खण, मागे पडवी, पुढे ओसरी. त्यांचा पहिला प्रश्न, "किती स्क्वेअर फूट?" सिटी सर्व्हेचा उतारा बघितला की घर बघून झालं. सागाच्या तुळया, कडीपाट, भिंतीतलं बळद, देवळ्या, हे सगळं त्यांच्या हिशेबात पाडण्याचा खर्च होता. समृद्धीचे पैसे आलेला एक शेतकरी गृहस्थ तसा सरळ बोलला. "आजी, घर लई भारी हाये. पण आम्हाला खाली गाळे काढायचेत." आईला त्याचा राग आला नाही. उलट तोच एक माणूस तिच्याशी घर धरून बोलला असं ती म्हणाली. तिला राग आला तो जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याचा. त्याला जागा नको होती. दिंडी दरवाजा, चार खांब आणि दोन तुळया तेवढ्या हव्या होत्या, आणि त्याचा भाव तो आम्ही आत राहत असताना सांगत होता. खांबावर बोटाने टकटक करून बघितलं त्याने. आई म्हणाली, "जित्या माणसाचे दात मोजतोय."

वास्तुवाले वेगळेच. बाबांचा हार घातलेला फोटो बघून एकाने हलक्या आवाजात विचारलं, "इथेच गेले का?" मी हो म्हटलं. अडीचशे वर्षांच्या गावठाणातल्या कुठल्या घरात कोण गेलं नाही? पण तो उंबऱ्यावरून मागे फिरला. आमच्याच बेटातल्या शुक्राचार्यांच्या देवळात लग्न लावायला मुहूर्त लागत नाही असं सगळा तालुका मानतो, लांबलांबहून लोक येतात. घराला मात्र सगळं लागतं. पितृपंधरवडा लागला तसे पंधरा दिवस एकही फोन आला नाही. आईने त्या पंधरवड्यात दुपारी दार उघडं टाकून पोटभर झोप काढली. पितर पावले म्हणाली.

देवघर हा एक अवघड कोपरा. परका माणूस दाराशी आला की देवासमोर पडदा ओढायचा का? आईने एकदा ओढला आणि मग कधीच नाही. "चोरी केलीय का त्यांनी?" असा तिचा सवाल. भाऊबीजेला बहिणी आल्या तेव्हा नेमकी एक मंडळी टपकली. ओवाळणं चाललेलं, पाटाभोवती रांगोळी, आणि दारात पाचजण. थोरली बहीण निरांजन हातात धरून म्हणाली, "घर बघायला आलेत का आम्हाला?" सगळे हसले, तेही हसले. पण तिने बोलून दाखवलं ते आमच्या प्रत्येकाच्या मनात होतं. 'बघायला येणार', 'पसंत आहे, पण कळवतो', 'घरच्यांना विचारून सांगतो', 'देण्याघेण्याचं बसून बोलू', सगळी भाषा तीच. तिला स्वतःला सात ठिकाणचे बघून गेलेले. आठव्याने होकार दिला. त्या सातांतल्या एकानेही नकार कळवला नव्हता, नुसते गप्प राहिले. घराचंही तसंच झालं. वहिनीच्या वहीत सत्तावीस नावं आहेत. नाही म्हणून कळवणारे त्यातले तीन.

सही मात्र तिची आणि धाकटीचीही लागणार होती. एजंटाला ते जड जात होतं. "ताईंचं हक्कसोड घेऊन टाका ना." आम्ही घेतलं नाही. बापाच्या घरात मुलीचा वाटा आहे, आणि २००५ पासून तर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलगी मुलाच्या बरोबरीची आहे. मग घर दाखवताना तिला ओवाळायला बसवायचं आणि विकताना वगळायचं, हे आमच्या कुणालाच पटणारं नव्हतं.

आता त्या रेघेविषयी.

माजघराच्या भिंतीवर, माझ्या छातीच्या जरा खाली, एक आडवी रेघ कोरलेली आहे आणि तिच्या शेजारी १९६९. त्या पावसाळ्यात गोदावरीला महापूर आला. नाशिकला तो आधी आला आणि मग ते पाणी खाली आमच्याकडे. आजोबांनी पाणी ओसरल्यावर विळ्याच्या टोकाने ती रेघ ओढली. आई तेव्हा पंचवीस वर्षांची, पदरात दोन लेकरं. आळीतलं आमचं माळवद त्यातल्या त्यात उंच, म्हणून आठ-दहा घरची माणसं वर येऊन बसली होती. पुढे धरणं वाढली, पण पुराची धास्ती गेली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्येही नदीकाठच्या वस्तीत पाणी शिरलं. ते आमच्या उंबऱ्याला लागलं नाही. तरी नांदूर मधमेश्वरहून किती क्युसेक सोडलं हे आमच्याकडे पावसाळ्यात लोक क्रिकेटच्या धावांसारखं विचारत असतात.

एजंट म्हणाला, "काका, तेवढ्या भिंतीला चुना मारून घ्या. पार्टी बघते आणि बिचकते." तो काही वाईट माणूस नव्हता. त्याला त्याची दलाली हवी होती, आम्हाला गिऱ्हाईक. आणि खरं सांगायचं तर भावालाही ते एकदम चुकीचं वाटलं नाही. नवा रंग कोण देत नाही विकताना?

कायदा याबाबतीत काय म्हणतो ते मी बघितलं. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा, त्याचं पंचावन्नावं कलम. विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला नेहमीच्या चौकशीने कळणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे. जो दोष डोळ्यांना दिसतो तो घेणाऱ्याने बघून घ्यावा. म्हणजे भिंतीवर रेघ आहे तोवर तो उघडा दोष. आम्ही सांगितलं नाही तरी भिंत सांगते. चुना मारला की तोच दोष लपलेला होतो आणि तो आमच्या गळ्यात येतो. आता कुणी म्हणेल, पाटबंधारे खात्याच्या निळ्या-तांबड्या पूररेषा नकाशावर असतात, बांधकामाच्या परवानगीला जाणारा त्या बघतोच. बघतो. पण नकाशावरची रेषा आणि माजघरातली रेषा यांत फरक आहे. नकाशा बघून माणूस आर्किटेक्टला विचारतो. भिंत बघून तो आपल्या बायकोकडे बघतो.

आईला कलम-बिलम सांगावं लागलं नाही. ती म्हणाली, "मामंजींनी काढलीय. मला पुसायची नाही." आणि त्या दिवसापासून ती येणाऱ्या प्रत्येकाला आधी त्या भिंतीशी न्यायला लागली. काठी टेकत, रेघेवर हात ठेवून, "इथवर आलं होतं बघा." एजंट कपाळाला हात लावायचा. दोन-तीन चांगली गिऱ्हाइकं त्यावरच गेली असतील. गेलीच. भाऊ फोनवर चिडला, मग गप्प झाला.

एप्रिलमध्ये पलीकडचे अण्णा आले. आमची-त्यांची मधली भिंत सामायिक. साठी उलटलेले, किराणा दुकान मुलाकडे दिलेलं. ते कधीच पुढच्या दाराने आले नव्हते. परसातल्या बोळातून यायचे, 'काकू' अशी हाक मारत थेट चुलीशी. त्या वर्षभर मात्र त्यांनी पाऊल टाकलं नव्हतं. आम्हाला वाटलं, घर परक्याला जाणार म्हणून रुसलेत. त्या दिवशी ते ओसरीवर टेकले आणि आईला म्हणाले, "काकू, सगळे बघून गेले. मला कुणी विचारलं नाही."

आई म्हणाली, "तुला कशाला विचारायचं, तुझं आहे की मोठं घर."

"विचारायला तर पाहिजे ना."

मुलाच्या वेगळ्या बिऱ्हाडासाठी त्यांना जागा हवीच होती. परक्यासारखं एजंटाकडून यायचं त्यांना जड वाटत होतं, आणि आमच्याकडून निरोप आला नाही म्हणून ते थांबले होते. आईने सवयीने त्यांनाही भिंतीशी न्यायला काठी उचलली. ते म्हणाले, "काकू, मी वरच होतो ना. दहा वर्षांचा होतो. तुम्ही भाकरीचा तुकडा दिला होता, मीठ लावून." आई जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तू होतास होय? मला वाटलं तुझा थोरला."

भाव वहीतल्या सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा कमी होता. किती ते लिहीत नाही, शेजारी अजून शेजारीच आहे. भावाने एक दिवस मागून घेतला आणि हो म्हणाला. इसारपावती ओसरीवरच झाली. मे महिन्यात दुय्यम निबंधकाकडे चौघं भावंडं आणि आई गेलो. अंगठे, फोटो, सगळं मशीनवर. टंकलेखकाने चतुःसीमा वाचून दाखवली. पूर्वेस रस्ता, दक्षिणेस बोळ, उत्तरेस अमुक, पश्चिमेस खरेदी घेणार यांचे राहते घर. तो थांबला आणि म्हणाला, "शेजारीच का? मग बघायचं काही नव्हतं." साक्षीदार म्हणून सही करायला आळीतलेच दोघे आले होते.

ताबा आईने दिवाळीपर्यंत मागितला होता, अण्णांनी दिला. त्या सहा महिन्यांत ते रोज यायचे, पण परसातून नाही. पुढच्या दाराशी उभे राहून आधी हाक मारायचे, आई 'ये' म्हणाली की चपला बाहेर काढून आत यायचे.